येतो साहेब

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नंदूचा मेसेज आला. दोनच शब्द होते, 'येतो साहेब'. ते वाचून उपेंद्र अंथरुणातच उठून बसला. दोन दिवस छातीवर जे काही बसलं होतं ते खाली उतरलं. त्यानं ताबडतोब उत्तर पाठवलं, 'लवकर ये'. ते जरा हुकूम सोडल्यासारखं वाटलं म्हणून त्याखाली 'वाट बघतो' असंही लिहिलं. एवढं गोड तो नंदूशी गेल्या पस्तीस वर्षांत कधी बोलला नव्हता. निळ्या खुणा उमटल्या, म्हणजे नंदूनं वाचलं. मग त्यानं सुलभाला हलवून सांगितलं, "नंदू येतोय." "न येऊन जातोय कुठं," असं पुटपुटून ती कूस बदलून झोपली. साडेसहाला त्यानं प्रियदर्शनी मॅडमना मेल केली की आमचा कारागीर आज हजर आहे, ठरल्याप्रमाणे अकराला यावं. विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीसाठी पुरवठादार तपासायचे आणि पास किंवा नापास करायचे, हे या बाईंचं काम. उपेंद्रनं सांगलीहून आपला अख्खा कारखाना उचलून बंगळुरात आणला तो या बाईंच्या एका सहीसाठी. आठ वाजता बूट घालून तो दारात म्हणाला, "येतो गं." आतून सुलभा म्हणाली, "या."

आणि आता साडेनऊ वाजत आले होते आणि टॅक्सी के. आर. पुरमच्या तारांच्या पुलाअलीकडे उभी होती. उभी म्हणजे किती उभी, तर शेजारच्या बसमधल्या बाईनं मांडीवरच्या पिशवीतल्या शेंगा सोलायला घेतल्या तेव्हापासून, आणि आता तिची पिशवी रिकामी होत आली होती. डोक्यावरून मेट्रो जात होती. तीही चिडवल्यासारखी दर पाच मिनिटांनी. उपेंद्रनं तिसऱ्यांदा विचारलं, "और कितना?" ड्रायव्हरनं तिसऱ्यांदा आरशात बघून तेच सांगितलं, "स्वल्प सार. स्वल्प लेट." या शब्दानं उपेंद्रचं डोकं फिरायचं. घरमालकाला नळ दुरुस्त करायला सांगा, स्वल्प. वीजजोडणीच्या साहेबांना भेटा, स्वल्प. क्रेनवाल्यानं मशिन हवेत लटकत ठेवून बिडी ओढायला घेतली, तेव्हाही स्वल्प. मराठीत हा शब्द फक्त एकाच ठिकाणी शिल्लक राहिला आहे, स्वल्पविरामात, आणि हे अख्खं गाव त्या चिन्हावर चालतं असं त्याचं ठाम मत झालं होतं. इथं कोणतंच वाक्य संपत नाही. सहा महिने झाले, एकही काम असं नाही की त्याच्यापुढं टिंब देऊन माणसानं हात झटकावेत. नंदूचा फोन लागत नव्हता. फोनमधली तीच ती बाई कन्नडमधून काहीतरी समजावून सांगत होती. तिचं बोलणं आता त्याला पाठ झालं होतं, अर्थ मात्र माहीत नव्हता. रेंज नसेल, बॅटरी उतरली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मेट्रोनं तो केव्हाच पोचला असता, पण मांडीवर पेटी होती. सागवानी, आत हिरवं मखमल, मखमलात पोलादाच्या सत्तेचाळीस चकचकीत वड्या. हे मापांचं माप. लोक ज्या उपकरणांनी मोजतात ती उपकरणं बरोबर आहेत का हे या वड्यांवरून ठरतं, आणि असल्या वड्या म्हणजे गेज बनवणं हाच उपेंद्रचा धंदा. ही पेटी तपासणीला मल्लेश्वरमच्या प्रयोगशाळेत गेली होती, ती काल परत मिळाली. मागच्या वेळी पेटी मेट्रोनं न्यायला गेला तर स्टेशनातल्या पोरसवदा शिपायानं ती उघडायला लावली आणि "ये क्या है" म्हणून एका वडीवर चक्क अंगठा ठेवला. उपेंद्रच्या तोंडून अशी किंकाळी निघाली की रांगेतली माणसं मागं सरली. दुसऱ्या दिवशी त्या वडीवर तांबूस डाग आला. या धंद्यातल्या माणसांना हे माहीत असतं, बाकी कुणाला सांगूनही पटत नाही. काही माणसांच्या घामात असं काहीतरी असतं की त्यांचं बोट लागलं की पोलाद गंजतं. रोज आंघोळ करा, साबणानं दहा वेळा हात धुवा, उपयोग नाही. त्याला गंजका हात म्हणतात. गंजक्या हाताच्या माणसाला गेजच्या टेबलाशी उभं करत नाहीत.

उपेंद्रचा हात गंजका होता. एकोणिसाव्या वर्षी डिप्लोमा घेऊन तो सांगलीजवळच्या कुपवाडच्या कारखान्यात पहिल्या दिवशी गेला तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, दोन घासलेल्या वड्या काढल्या. एकीवर उपेंद्रचा अंगठा दाबून घेतला आणि दुसरीवर त्याच दिवशी कामाला लागलेल्या बुधगावच्या एका सतरा वर्षांच्या पोराचा. तो नंदू. दोन्ही वड्या वाडग्याखाली झाकून ठेवल्या. सकाळी वाडगं उचललं तर नंदूची वडी लख्ख होती, आणि उपेंद्रच्या वडीवर त्याचा अंगठा उमटला होता, सगळ्या रेघांसकट, तांबडा, दाखल्यावर उठवावा तसा. अण्णा रागावले नाहीत, हसलेही नाहीत. म्हणाले, "तू ऑफिस बघ." संपलं. मालकाचा मुलगा ऑफिसात बसला आणि बुधगावचा पोरगा लॅपिंगच्या टेबलाशी उभा राहिला. बिडाची सपाट प्लेट, तिच्यावर तेल आणि बारीक भुकटी, आणि त्यावर वडी हातानं फिरवत राहायची. मशिन जिथं थांबतं तिथून पुढं हे काम सुरू होतं. केसाच्या शंभराव्या भागाएवढं पोलाद बोटांनी काढायचं, आणि कुठं थांबायचं ते बोटांनाच कळायला लागतं. हाताच्या उबेनंही वडी फुगते. नंदू मध्येच वडी ठेवून द्यायचा आणि म्हणायचा, "जरा दम खाऊ दे तिला." मग तोही दम खायचा, खिडकीबाहेर बघत. उपेंद्र ऑफिसच्या काचेतून त्याच्याकडं बघायचा. पस्तीस वर्षं बघत होता. मालक कोण आणि नोकर कोण हा प्रश्न त्या काचेच्या दोन्ही बाजूंना कधी कुणी काढला नव्हता, पण गेजवर नाव अण्णांच्या कारखान्याचं असलं तरी आत माप नंदूच्या बोटांचं असतं हे उपेंद्रला ठाऊक होतं आणि ते त्याला डाचायचं.

मागची टॅक्सी हॉर्न वाजवायला लागली. कशासाठी ते देवाला ठाऊक. उपेंद्रनं काच खाली करून मागं बघितलं, आणि लगेच एक मोटारसायकलवाला त्या फटीतून म्हणाला, "अण्णा, मिरर क्लोज माडी," म्हणजे आरसा मिटा. अण्णा. भाजीवाला अण्णा म्हणतो, वॉचमन अण्णा म्हणतो, आणि दर वेळी उपेंद्रला मागं वळून बघावंसं वाटतं की खरंच ते उभे आहेत का. असते तर काय म्हणाले असते ते त्याला माहीत होतं. काही म्हणाले नसते. नुसती पेटी काढून घेतली असती.

क्लस्टर. हा शब्द पहिल्यांदा शंतनूनं आणला. शंतनू म्हणजे त्याचा मुलगा, इथंच सॉफ्टवेअरमध्ये. "बाबा, सांगलीत बसून काय होणार? तुमचे सगळे कस्टमर बंगळुरात आहेत. सगळी इकोसिस्टीम तिथं आहे. क्लस्टरमध्ये असलात की कामं आपोआप चालून येतात." मग एका सल्लागारानं पडद्यावर नकाशा दाखवला. नकाशावर बंगळुराच्या पूर्वेला ठिपकेच ठिपके होते, आणि त्या ठिपक्यांत एक रिकामी जागा त्यानं बाणानं दाखवली, "दिस कुड बी यू." उपेंद्रला त्या बाणाची भुरळ पडली हे खरं. ऑफिस बघ म्हणाले होते ना अण्णा, बघितलं ऑफिस. आता ऑफिसवाल्यानं कारखाना कुठं नेऊन ठेवला ते बघा. सोळा ट्रकांत सगळं आलं. मशिनं आली, प्लेट आली, अवधूत आला. अवधूत सांगलीचाच, सुपरवायझर, तिशीतला, चटपटीत. तो तर एका पायावर तयार होता. अण्णांनी कारखान्याचं नाव 'अचूक' ठेवलं होतं. इथं पाटीवर ते इंग्रजीत गेलं आणि पहिल्याच आठवड्यात औद्योगिक पार्कच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं, 'डिअर मिस्टर चूक'. त्यांना वाटलं ए. चूक हे मालकाचं नाव. उपेंद्रनं चार वेळा दुरुस्ती कळवली. अजूनही पत्रं मिस्टर चूकलाच येतात. सुलभा हसून हसून बेजार झाली होती. त्याला हसू आलं नाही.

आणि नंदूही आला. यायचं नव्हतं त्याला. बायको गावाकडं, दोन म्हशी गावाकडं, लेक बाळंतपणाला आलेली. पण "मोठ्या साहेबांचं टेबल जितं, तितं मी," असं म्हणून आला. मोठे साहेब म्हणजे अण्णा. कारखान्याजवळ एक खोली घेऊन राहिला. सहा महिन्यांत त्यानं तक्रार अशी एकच केली. पहिल्याच दिवशी प्लेटवर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, ही थरथरतीया." उपेंद्रनं हात ठेवला. काही नाही. अवधूतनं ठेवला. काही नाही. नंदू म्हणाला, "मेट्रो गेली की थरथरती. ट्रक गेला की थरथरती. कायम थोडी थोडी थरथरतच हाय." मग शंतनूच्या ओळखीनं कंप मोजणारा एक माणूस आला. त्यानं प्लेटच्या पायाशी यंत्र लावलं, दिवसभर लॅपटॉप बघितला आणि लिहून दिलं की कंप मर्यादेत आहे. तो कागद उपेंद्रनं नंदूला दाखवला तर नंदू म्हणाला, "त्येच्या यंत्राला काय कातडं हाय का?" प्लेटखाली रबर घातलं. मग वाळूचा थर घातला. मग टेबलच आतल्या खोलीत नेलं. प्रत्येक वेळी नंदू हात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. उपेंद्रला ती मान दिसली की तो ऑफिसात निघून जायचा. नापास करण्याचा अधिकार या माणसाला कुणी दिला असं त्याला वाटायचं, आणि उत्तरही माहीत असायचं.

परवा मंगळवारी ते झालं. ऑडिटसाठी पाच वड्या तयार करायच्या होत्या. मॅडम स्वतः समोर उभं राहून शेवटची वडी घासताना बघणार होत्या, कारण अर्जात कारागीर म्हणून नंदूचं नाव घातलं होतं. यंत्राचं नाव लिहिता येत नव्हतं, कारण ते काम यंत्र करतच नाही. नंदूनं तिसरी वडीही मोजली आणि आधीच्या दोन वड्यांसारखी बाजूला सारली. "न्हाई बसत साहेब. टोकाला मार खाल्लाय. प्लेट गप ऱ्हाईना." समोर अवधूत होता, इथली चार नवीन माणसं होती. आणि उपेंद्रच्या तोंडून निघून गेलं, "प्लेट हलत नाही, नंदू. तुझा हात हलतो. वय झालंय तुझं." अवधूतनं खाली बघितलं. नव्या माणसांना मराठी येत नव्हतं, पण काय बोललं गेलं ते त्यांनाही कळलं असावं. नंदूनं एप्रन सोडला, त्याची नीट चौघडी केली, प्लेटवर झाकण घातलं, झाकणावर एप्रन ठेवला आणि गेला. बुधवारी आलाच नाही. बुधवारी संध्याकाळी उपेंद्रनं फोन हातात धरून माफीची दोन वाक्यं लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली, पुन्हा पुसली, आणि शेवटी जे पाठवलं ते असं होतं, 'राहायचं की जायचं, काय ते ठरव आणि कळव.' वाचलं की लाज वाटावी असा मेसेज. पण बघा, नंदू मोठ्या मनाचा. उत्तर आलं, येतो साहेब. आता आल्या आल्या आधी त्याला बाजूला घेऊन सांगायचं की बाबा, बोलून गेलो, मनावर घेऊ नकोस. हे वाक्य उपेंद्रनं घरापासून इथपर्यंत तीस-चाळीस वेळा मनात म्हणून बघितलं होतं. प्रत्येक वेळी ते मालकासारखंच वाटत होतं.

गाडी हलली. पूल ओलांडला. दहा वाजता अवधूतचा फोन आला. "सर, नंदूमामा अजून आले नाहीत. खोलीवर माणूस पाठवला होता, कुलूप आहे." उपेंद्र खेकसला, "मग निघाला असेल. कुलूप आहे म्हणजे निघाला आहे, एवढं कळत नाही का? त्याचा मेसेज आहे माझ्याकडं. येतो म्हणालाय." अवधूत म्हणाला, "हो सर." मग म्हणाला, "पण सर, खोलीपासून इथं चालत दहा मिनिटं लागतात." उपेंद्रनं फोन ठेवला. सगळ्यांना नेमकं हेच सुचतं. कुणी सरळ एक काम करून देणार नाही, पण शंका काढायला सगळे पुढं. सकाळी सहा दहाला येतो म्हणणारा माणूस दहापर्यंत दहा मिनिटांचं अंतर चालून येत नाही, हे त्यालाही कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो खेकसला होता.

पार्कच्या फाटकाशी टॅक्सी थांबली तेव्हा साडेदहा वाजले होते. उपेंद्र पेटी छातीशी धरून उतरला. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून हसून म्हटलं, "बरतीनी सार." सहा महिन्यांत उपेंद्रला कन्नडमधली एवढी तीनचार क्रियापदं कळायला लागली होती. बरतीनी म्हणजे येतो. तो वैतागून म्हणाला, "कहाँ आते हो? मैंने बुलाया नहीं. मुझे वापस नहीं जाना." ड्रायव्हर गोंधळला. "नहीं सार, मैं जा रहा." "फिर बरतीनी क्यों बोलते हो?" "वो तो जाते टाइम बोलते सार. हमारे में 'जाता हूँ' नहीं बोलते. अच्छा नहीं लगता." आणि मान आत घेऊन तो गेला.

उपेंद्र फाटकाशी उभा राहिला. आमच्यातही नाही म्हणत, हे उत्तर त्याच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. पाच-सहा वर्षांचा असताना तो एकदा शाळेला निघताना दारातून ओरडला होता, "आई, जातो." अण्णा जेवत होते. पानावरून उठून, उष्ट्या हातानं, रस्त्यापर्यंत मागं आले आणि त्याला परत घरात आणून पाटावर बसवलं. "जातो म्हणायचं नाही. येतो म्हणायचं. पुन्हा नीघ." तो पुन्हा निघाला, येतो म्हणाला, आणि आई आतून ये म्हणाली. त्यानंतर आयुष्यभर तो जिथून जिथून निघाला तिथून येतो म्हणून निघाला. कारखाना सोडताना रिकाम्या शेडला हात जोडून म्हणाला, येतो. आज सकाळी सुलभाला म्हणाला. राहायचं की जायचं ते कळव, असं त्यानंच विचारलं होतं, आणि नंदूनं जेवढं स्पष्ट सांगता येतं तेवढं सांगितलं होतं. नंदू साहेबाला जातो कसं म्हणेल? अण्णांच्या हाताखाली वाढलेला माणूस. आणि उपेंद्रनं काय उत्तर दिलं? निघणाऱ्याला जे द्यायचं असतं तेच. लवकर ये. आणि वर, वाट बघतो. तो तिथंच फाटकाच्या कट्ट्यावर बसला. वॉचमननं विचारलं, "अण्णा, नीर?" त्यानं पाणी नको म्हणून हात हलवला.

या वेळी नंदूचा फोन लागला. मागं रुळांचा खडखडाट होता आणि कुणीतरी वडे विकत होतं. "बोला साहेब," नंदू मोठ्यानं म्हणाला. त्याचा आवाज सहा महिन्यांत एवढा मोकळा कधी नव्हता. "कुठं आहेस?" "अरसीकेरे मगाशी गेलं. रातच्याला मिरजंत." उपेंद्रजवळ एक वाक्य तयार होतं. ते असं होतं की पुढच्या स्टेशनावर उतर, मिळेल ती गाडी पकड, मी मॅडमना उद्यावर थांबवतो. नंदू उतरलाही असता. तेवढी त्याला खात्री होती. पण नंदूच बोलायला लागला. "साहेब, खरं सांगू का, मला वाटलं तुमी शिव्या घालणार. ऑडिट हाय आणि ह्यो असा निघाला म्हणून. सा वाजता गाडीत बसलो तवा हात जोडून मेसेज केला. आणि तुमचं आलं, लवकर ये. वाट बघतो. कारभारणीला फोन करून वाचून दावलं. रडली ती. म्हणाली, मोठ्या साहेबांचंच लेकरू हाय." उपेंद्रनं डोळे मिटले. पेटी मांडीवर होती आणि तिच्यातल्या वड्या बारीक वाजत होत्या. वरून मेट्रो चालली होती. तो म्हणाला, "नंदू, मंगळवारी मी बोललो ते चुकलं. तुझ्या हाताला काही झालेलं नाही." मग नंदू म्हणाला, "मी बी दोन दिस त्येच बघत हुतो. आता हितं खिडकीशी हात धरून बसलोय. गाडी हलतीया साहेब. हात न्हाई." "माहीत आहे," उपेंद्र म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता सवयीनं, की कशानं, म्हणाला, "लवकर ये." नंदू म्हणाला, "व्हय, येतो."

प्रियदर्शनी मॅडम बरोबर अकराला आल्या. चाळिशीच्या, इथल्याच बसवनगुडीच्या, सुती साडी, हातात फाइल. उपेंद्रनं त्यांच्यासाठी खोटी कारणं तीन तयार केली होती: ताप, अपघात, घरातलं मयत. आतल्या खोलीत झाकणावर तो चौघडी केलेला एप्रन दिसला आणि त्यातलं एकही तोंडून निघालं नाही. इंग्रजीत त्यानं सरळ सांगितलं की माणूस गेला. मॅडमनी मेल दाखवली. "सकाळी तर हजर आहे म्हणालात." मग त्याला तेही सांगावं लागलं, येतो म्हणजे काय ते, आणि सांगताना स्वतःच्या मूर्खपणाचा एवढा वीट आला की तो मध्येच थांबला. मॅडम हसल्या नाहीत. पुढं काय झालं असेल ते त्यांना आधीच कळलं होतं. त्यांनी फाइल उघडली आणि कारागिराच्या नावापुढच्या चौकोनात पेन टेकवलं. "दुसरं कुणी नाही? तुम्ही?" मंगळवारी बाजूला सारलेल्या वड्यांतली एक उपेंद्रनं उचलली, उघड्या हातानं, आणि तिच्यावर अंगठा दाबला. "उद्या सकाळी बघा. मी का नाही ते दिसेल." मग अण्णा, वाडगं, दोन वड्या, सगळं सांगितलं. पस्तीस वर्षांत हे त्यानं सुलभालाही असं सांगितलं नव्हतं. ती काच, ते ऑफिस, आणि थरथरणाऱ्या प्लेटवर विश्वास न ठेवल्याचंही. "यंत्र बरोबर आहे म्हणालं आणि मी यंत्राचं ऐकलं. कारण यंत्राला विचारलं तर मी मालक राहत होतो."

मॅडमनी प्लेटवरचा एप्रन उचलून खुर्चीवर ठेवली, झाकण काढलं आणि तळवा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. उपेंद्र त्यांच्या मानेकडं बघत होता. मान हलली नाही, होकारार्थी नाही आणि नकारार्थीही नाही. "मला काही कळत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "पण माझ्याकडं ज्या तेरा कंपन्यांची गेज नापास झाली त्यातल्या नऊ याच पट्ट्यातल्या आहेत." मग त्यांनी चौकोनात काहीच लिहिलं नाही. पेन मिटलं. बाजूला सारलेल्या वड्यांतली दुसरी वडी जवळ ओढली आणि लहान मुलीच्या कुतूहलानं तिच्यावर आपला अंगठा दाबला. "माझा कसा आहे कुणास ठाऊक," म्हणाल्या. "झाकून ठेवा."

फाटकापर्यंत तो त्यांना सोडायला गेला. अर्जाचं काय, पुढची तारीख कुठली, हा कारखाना इथं राहतो की सोळा ट्रकांत परत जातो, हे सगळं विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. गाडीचं दार उघडून मॅडम म्हणाल्या, "सरी सार. बरतीनी." उपेंद्रनं त्यांच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथून काही कळण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "या." गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागली आणि लागताक्षणी थांबली, कारण पुढं सगळंच थांबलेलं होतं. सकाळपासून तीन माणसं त्याला येतो म्हणून निघून गेली होती. तो आत आला, अवधूतला कॅन्टीनमधून एक वाडगं आणायला सांगितलं, आणि दोन्ही वड्या शेजारी शेजारी ठेवून त्यावर ते पालथं घातलं.